ग्रुप सोडावा का? सोलापूरच्या एका भगिनीस उत्तर

पत्र (संक्षेपाने):

माझे वय ३१ आहे, लग्नाला सात वर्षे झाली. आम्ही सोलापुरात एकत्र कुटुंबात राहतो. यजमान टॉवेलच्या कारखान्यात रंगाई विभागात, बॉयलरजवळ काम करतात. माझी तीन वेळा आययूआय (यजमानांचे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याची प्रक्रिया) झाली, तिन्ही वेळा पाळी आली. आता डॉक्टरांनी आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात ठेवणे) सुचवले आहे. दीड वर्षापूर्वी मी मूल होत नसलेल्या स्त्रियांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले. बार्शी, पंढरपूर, लातूर, धाराशिव अशा ठिकठिकाणच्या शंभरेक जणी त्यात आहेत, आणि घरात जे कुणाला सांगता येत नाही ते मी तिथे सांगते. तिसऱ्या आययूआयनंतर नवव्या दिवशी मी घरीच तपासणी केली. पट्टीवर फिकट दुसरी रेघ दिसली, म्हणून फोटो ग्रुपवर टाकला. रात्रभर अभिनंदनाचे संदेश येत राहिले आणि सहा दिवसांनी पाळी आली. तेव्हापासून मला अन्न जात नाही, झोप लागत नाही. यजमान म्हणतात, "तो ग्रुप सोड, त्यानेच तुझे डोके फिरवले. एवढे टेन्शन घेतेस म्हणूनच राहत नाही." त्यातच ग्रुपमधली माझी सर्वांत जवळची मैत्रीण गरोदर राहिली. ती बातमी वाचून मला आनंद झाला नाही, आणि याची मला फार लाज वाटते. पुढच्या महिन्यात धाकट्या जाऊबाईंचे डोहाळजेवण आहे. सासूबाई एका महाराजांकडे चल म्हणतात. मी ग्रुप सोडू का?

एक भगिनी, सोलापूर

उत्तर:

ताई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकते. ग्रुप सोडू नका. मात्र आज ज्या ज्या गोष्टींसाठी तुम्ही त्या ग्रुपवर विसंबून आहात, त्यांतल्या काही तिथून काढून डॉक्टरांच्या टेबलावर आणि काही यजमानांसमोर न्यायला हव्यात. मन मोकळे करायला तुम्हाला सध्या दुसरी जागा नाही, आणि आहे ती जागाही हातची घालवली तर दुःख तेवढेच राहील, फक्त ते पुन्हा एकटीने सोसावे लागेल.

यजमानांचे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे, त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते तुमच्या मनावरचा सर्वांत मोठा भार तेच आहे. "टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही" हे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते, आणि बोलणाऱ्याचा हेतूही बहुधा इतका चांगला असतो, की ऐकणाऱ्या बाईला ते वैद्यकीय सत्यच वाटू लागते. मग ती मूल होत नाही म्हणून रडते आणि रडल्यामुळे मूल होणार नाही या भीतीने आणखी रडते. या समजुतीची नीट तपासणी झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत आयव्हीएफसारखे उपचार घेणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. उपचार सुरू होण्यापूर्वी ज्या चिंतेत किंवा खिन्न होत्या आणि ज्या तशा नव्हत्या, त्यांच्या त्या खेपेच्या यशात या मनःस्थितीमुळे फरक पडल्याचे दिसले नाही. तेव्हा तुमची तिसरी खेप तुमच्या रडण्यामुळे फुकट गेली, हा आरोप तुम्ही स्वतःवर करू नका आणि कुणाला करू देऊ नका. हे वाक्य यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही.

मात्र याचा अर्थ तुमचे दुःख किरकोळ आहे असा मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची तुलना इतर मोठ्या आजारांच्या रुग्णांशी केली होती, आणि चिंता व खिन्नता यांच्या मोजणीत या स्त्रिया कर्करोगाच्या रुग्णांच्या बरोबरीने आढळल्या होत्या. एवढे ओझे वाहत असताना रोज चारजणांचा स्वयंपाक करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून चहा द्यायचा, ही सोपी गोष्ट नव्हे. म्हणून अन्न न जाणे आणि झोप न लागणे या दोन तक्रारी मी बाकी सगळ्यांच्या आधी घेते. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ हे चालू असेल तर त्यावर उपचार घ्या. हे उपचार मूल व्हावे म्हणून घ्यायचे नसून तुम्हाला बरे वाटावे म्हणून घ्यायचे आहेत. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जाता येईल. घराबाहेर पडणे अवघड असेल तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा आहे. ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जगणे नकोसे वाटते असा विचार एकदा जरी मनात डोकावला असेल, तर उद्याची वाट पाहू नका, आजच फोन करा आणि यजमानांनाही सांगा.

आता त्या फिकट रेघेबद्दल. आययूआयच्या आधी, साधारण छत्तीस तास अगोदर, स्त्रीबीज फुटावे म्हणून ट्रिगरचे इंजेक्शन देतात. त्यात बहुतेक वेळा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणारे संप्रेरकच असते आणि घरच्या तपासणीची पट्टी नेमके हेच संप्रेरक शोधते. इंजेक्शनातले एचसीजी दहा दिवस, क्वचित चौदा दिवसांपर्यंतही लघवीत उतरत राहते. त्यामुळे नवव्या दिवशी पट्टीवर उमटलेली रेघ गर्भाची होती की इंजेक्शनाची, हे त्या पट्टीवरून कुणालाच सांगता आले नसते. फारच थोडा काळ टिकलेली गर्भधारणा असण्याचीही एक शक्यता राहते, आणि तीही त्या फोटोवरून ओळखता येत नाही. शंभर जणींनी तो फोटो मोठा करून, उजेडात धरून पाहिला असेल आणि प्रत्येकीने मनापासून अभिनंदन केले असेल. त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. परंतु त्या एका रात्रीत तुम्ही मुलाचे नाव ठरवण्यापर्यंत पोचला असाल, आणि म्हणूनच सहा दिवसांनी आलेली पाळी तुम्हाला आधीच्या दोन पाळ्यांसारखी वाटली नाही. पुढच्या खेपेला, मग ती कोणतीही असो, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी करून घ्या. त्याआधी घरात पट्टी आणूच नका. घरात असली की हात तिच्याकडे जातोच, पहाटे चारला उठूनही जातो. आणि निकाल काहीही आला तरी तो आधी तुमच्या दोघांत एक दिवस राहू द्या, ग्रुपवर दुसऱ्या दिवशी कळवा.

ग्रुपवरच्या औषधांच्या चर्चेबाबत मी कडक आहे. तुमच्या मूळ पत्रात एक ओळ आहे की, एका बाईने दुसरीला "पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस या गोळ्या घे, मला लागू पडल्या" असे सांगितले आणि तिने त्या घेतल्याही. स्त्रीबीज वाढवणाऱ्या या गोळ्या आणि इंजेक्शने देताना डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करतात, ती उगीच नव्हे. किती बीजे वाढत आहेत, गर्भाशयाचे अस्तर किती जाड झाले आहे, हे पाहून मात्रा कमी-जास्त करावी लागते. न पाहता घेतल्यास जुळ्यांची शक्यता वाढते. इंजेक्शनांच्या बाबतीत तर अंडाशये फाजील उत्तेजित होऊन पोटात पाणी साठण्याचा धोका असतो. पोट एकाएकी फुगले, उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली, धाप लागली, तर हे ग्रुपवर विचारण्याचे प्रश्न नाहीत, रिक्षा करून दवाखाना गाठण्याची वेळ आहे. तपासणी पॉझिटिव्ह आल्यानंतर ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, चक्कर येणे हेही तसेच, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी स्त्रीबीज वाहून नेणाऱ्या नलिकेत राहिला असेल तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. एकीला लागू पडलेले औषध दुसरीला का लागू पडत नाही, याचे कारण अगदी साधे आहे. तुमच्या त्या शंभर जणींत कुणाला पीसीओडी (स्त्रीबीज नियमित न फुटण्याचा अंडाशयाचा विकार) असेल, कुणाच्या नलिका जुन्या क्षयरोगामुळे बंद असतील, कुणाचे स्त्रीबीजांचे प्रमाण कमी झाले असेल, आणि कुणाच्या बाबतीत सगळे अहवाल चांगले असून कारणच सापडत नसेल. दुःख सगळ्यांचे सारखे असले तरी आजार सारखा नाही.

ग्रुपचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो डॉक्टरांकडे मिळत नाही. नलिकांची तपासणी करताना किती दुखते, त्या दिवशी कुणाला बरोबर न्यावे, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येणे झेपते का, ऑफिसात रजेचे कारण काय सांगावे, नणंदेच्या बारशाला गेल्यावर बाळ मांडीवर दिले तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे त्यातून गेलेली बाईच देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारण सहांतील एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. तुमच्या गल्लीतही अशी घरे असणार. तिथे कुणी बोलत नाही, ग्रुपवर बोलतात, एवढाच फरक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घेताना जिच्याकडे पाहून बायका आवाज खाली आणतात, तिला आपल्यासारख्या आणखी शंभर जणी रोज भेटतात, हे मी लहान समजत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या बातमीकडे येते. तुम्हाला आनंद झाला नाही, उलट पोटात कालवले, आणि मग त्याचीच शरम वाटली. ताई, तुम्ही दोघी एकाच वेळी तपासण्या करत होतात, एकमेकींचे अहवाल पाहत होतात, एकीची पाळी आली की दुसरी रडत होती. ती एकटी पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेलीला जे वाटते, त्यात तिच्याबद्दल वाईट चिंतणे नसते. तिचे बाळ जाऊन ते तुम्हाला मिळावे असे तुम्हाला वाटले नाही. तुम्हाला वाटले की आपल्यालाही असावे, आणि नाही, आणि आता ती सोबतही गेली. मला यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. एक बाजू मात्र तुमच्या ध्यानात आलेली नसावी. तिचीही एका रात्रीत पंचाईत झाली आहे. इतकी वर्षे जिथे मन मोकळे केले तिथे आता भीतीही बोलून दाखवता येत नाही. गर्भ टिकेल ना, ठोके ऐकू येतील ना, ही धास्ती तर तिला आता अधिक असणार, आणि ती बोलून दाखवली तर "तुझे तरी झाले" असे ऐकावे लागेल, म्हणून ती गप्प बसत असेल. तिला स्वतंत्रपणे दोन ओळी लिहा. खोटा उत्साह दाखवू नका. "तुझे चांगले व्हावे असे मनापासून वाटते. मला सध्या रोज बोलणे जमणार नाही, थोड्या दिवसांनी मीच फोन करीन," एवढे पुरे. खरी मैत्रीण असेल तर ती रागावणार नाही.

ग्रुप चालवणाऱ्या बाईंना एक सुचवून पाहा. गोड बातमी देण्यासाठी त्यांनी वेगळा छोटा ग्रुप काढावा, म्हणजे ज्या दिवशी जिची पाळी आली आहे, तिला सोनोग्राफीचा फोटो अचानक समोर पाहावा लागणार नाही. ज्यांना वाचायचे असेल त्या तिथे जाऊन वाचतील.

आता यजमान. पत्राचा हा भाग मी दोनदा वाचला. तुमच्या सगळ्या तपासण्यांचे आकडे तुम्ही तारखांसह लिहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी एकच ओळ आहे: "त्यांची चार वर्षांपूर्वी झाली होती, ठीक होती." मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने आढळते. तुमची तीन आययूआय झाली आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत त्यांचा नमुना प्रक्रियेआधी आणि नंतर मोजला गेला असणार. ते आकडे दवाखान्यातून मागून घ्या आणि तिन्ही खेपांचे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत शुक्रजंतूंच्या संख्येची खालची मर्यादा एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाख अशी दिली आहे. तिच्या खाली आकडा आला म्हणजे बाप होणे अशक्य असे नव्हे, आणि वर आला म्हणजे सगळे आलबेल असेही नव्हे. केवळ संख्येवर न थांबता हालचाल आणि आकार यांकडेही पाहावे लागते.

त्यांचे काम बॉयलरजवळ आहे हे तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला ते महत्त्वाचे वाटते. शुक्रजंतू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावे लागते, म्हणून तर निसर्गाने ते शरीराबाहेर ठेवले आहेत. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यात रंगाईच्या शेडमधली वाफ आणि आठ-दहा तासांची पाळी. उष्णतेत सतत काम केल्याने वीर्याची प्रत घसरू शकते, हे वैद्यकात मान्य आहे. तंबाखू, मावा, विडी असेल तर तीही घसरण वाढवते. आपल्या शहरात तंबाखू तोंडात नसलेला कामगार शोधावा लागतो, म्हणून मुद्दाम लिहिते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आज केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला तीन महिने द्यावे लागतील. मालकांशी बोलून तेवढ्या काळापुरते पॅकिंगला किंवा गोदामात काम मिळते का ते त्यांनी पाहावे. कारण सांगायचे नसेल तर उष्णतेचा त्रास होतो एवढे सांगितले तरी चालते आणि ते खोटेही नाही. सोबत मूत्ररोगतज्ज्ञांकडून एकदा शारीरिक तपासणी व्हायला हवी. वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा जो विकार असतो तो वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांत बऱ्याच जणांत सापडतो आणि तो केवळ वीर्याच्या अहवालात दिसत नाही.

पुरुष ही तपासणी का टाळतात हे आपण बायकांनी समजून घ्यावे असे मला वाटते. नाव लिहिलेली प्लॅस्टिकची डबी हातात घेऊन, बाहेर चारजण बसलेले असताना, दवाखान्याच्या एका न्हाणीघरात जाणे त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होते. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून नमुना घरी घेऊन तासाभरात प्रयोगशाळेत पोचवला तर बहुतेक ठिकाणी चालतो, आधी विचारून घ्यावे. सोलापुरात कुठूनही कुठेही तासाभरात पोचता येते. डबी शरीराजवळ, शर्टाच्या आत धरून न्यावी, म्हणजे गार होत नाही.

यापेक्षाही एक गोष्ट मला अधिक लागली. तुम्हाला शंभर जणी आहेत, त्यांना एकही माणूस नाही. कारखान्यात चहाच्या सुट्टीत कुणी काय काय विचारत असेल आणि त्यावर ते काय हसून उत्तर देत असतील, ते त्यांनी घरी सांगितलेले नसणार. त्यांनी तुम्हाला मोबाइलकडे पाहून हसताना आणि मग त्याच मोबाइलकडे पाहून रडताना पाहिले. त्यांच्या हाती धरण्यासारखे दुसरे काहीच नव्हते, म्हणून त्यांनी ग्रुपला बोल लावला. एकत्र कुटुंबात दोघांना बोलायला जागा मिळत नाही हे खरे आहे. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी दोघेच फिरायला जा, मोबाइल घरी ठेवा, आणि ग्रुपवर तुम्ही त्या पंधरा दिवसांत जे जे लिहिले होते ते स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगा. इतरांनी लिहिलेले त्यांना दाखवू नका, ते त्या बायकांच्या विश्वासाचे आहे. स्वतःचे मात्र सांगा. आज घडीला बार्शीच्या एका अनोळखी बाईला तुमच्या मनातले जेवढे ठाऊक आहे तेवढे त्यांना ठाऊक नाही, आणि आयव्हीएफच्या दारात उभे असताना हे बरे नव्हे.

आयव्हीएफ करावे की नाही हे मी सांगणार नाही. तुमची फाइल माझ्यापुढे नाही. इतके सांगते की, तिशीच्या सुरुवातीच्या वयातही एका गर्भरोपणात यश येण्यापेक्षा न येण्याची शक्यता अधिक असते, हे दोघांनी गृहीत धरूनच सुरुवात करावी. किती खेपा करायच्या आणि किती खर्चापाशी थांबायचे, हे पहिल्या इंजेक्शनाच्या आधी ठरवा, दागिने मोडल्यानंतर नव्हे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये झाला. त्यानुसार अशा दवाखान्याची नोंदणी सक्तीची आहे, जोडप्याला यशाच्या शक्यतेसह सगळी कल्पना देणारे समुपदेशन करणे दवाखान्याचे काम आहे, आणि तुमची लेखी संमती घेतल्याशिवाय काही करता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा असे म्हणायला संकोच करू नका, आणि समुपदेशनाला दोघे मिळून बसा.

याच कायद्याने स्त्रीबीज, शुक्रजंतू किंवा भ्रूण यांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आहे. ग्रुपमध्ये आल्यावर तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तुम्हाला दोनदा खासगी संदेश आले असे तुम्ही लिहिले आहे: एकदा "स्त्रीबीज देणारी मुलगी मिळवून देते" असा आणि एकदा गर्भधारणेच्या चूर्णाचा. पहिल्या नंबरला उत्तर न देता तो ब्लॉक करा आणि ग्रुप चालवणाऱ्या बाईंना कळवा. दात्याचे बीज लागलेच तर ते नोंदणीकृत बँकेमार्फत, तपासण्या होऊनच यावे लागते. चूर्ण तर घेऊच नका. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेले नसते. भस्म असलेल्या काही औषधांतून शिसे शरीरात जाऊन गर्भवतींना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अहवालांचे फोटो टाकताना नाव, जन्मतारीख आणि रुग्ण क्रमांक कापून टाका. मुलगाच व्हावा म्हणून जे उपाय फिरत असतात त्यांच्याबद्दल एवढेच सांगते की, गर्भधारणेपूर्वी असो वा नंतर, लिंगनिवड कायद्याने गुन्हा आहे.

सासूबाईंशी भांडू नका. नातवंडाची ओढ त्यांनाही आहे, आणि देवाला जायचे असेल तर तुळजापूरला, अक्कलकोटला त्यांच्याबरोबर आनंदाने जा. महाराजांची गोष्ट निराळी आहे. मूल देतो असे सांगून बाईला एकटीला आत बोलावणारे भोंदू महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत अलौकिक शक्तीने मातृत्व मिळवून देण्याचे आश्वासन देऊन मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. सासूबाईंना नकार तुम्ही देऊ नका, यजमानांनी द्यावा. आईला मुलाचे "नाही" जेवढे ऐकू येते तेवढे सुनेचे येत नाही.

डोहाळजेवणाला जाणे बंधनकारक समजू नका. एकाच घरात असल्याने टाळणे अवघड असेल तर सकाळी स्वयंपाकाची, पाहुण्यांची जबाबदारी घ्या, आणि ओटी भरण्याच्या वेळी काही कामासाठी बाहेर पडायचे आहे असे जाऊबाईंना आदल्या दिवशी स्वतःच सांगून ठेवा. त्यांना कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे.

राहिला ग्रुप. तो सोडायचा नाही, पण महिनाभर दूर राहायचे आहे. न सांगता गप्प झालात तर सगळ्या काळजी करतील आणि रात्री-अपरात्री विचारत राहतील. म्हणून असे लिहा: "मैत्रिणींनो, मागच्या पाळीनंतर माझी तब्येत बरी नाही. मी महिनाभर इथे वाचणार नाही आणि लिहिणार नाही. माझ्यावर रागावू नका. ज्यांची तपासणी या महिन्यात आहे त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. मी परत येणार आहे." हे पाठवून ग्रुपच्या सूचना बंद करा. परत याल तेव्हा दिवसातली एकच वेळ ठेवा, दुपारची, जेवणे आटोपल्यानंतरची. रात्री दहानंतर तो ग्रुप उघडायचा नाही.